चौघीटोल्याला घर पाहिजे

रिना रामटेके बोलायला लागली की पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवरचा भोंगासुद्धा शरमून गप्प बसतो, असं तिचे बाबा म्हणायचे. म्हणजे अलीकडे म्हणायला लागले होते. डिसेंबरपर्यंत ही पोरगी वर्गात हजेरी देतानाही 'उपस्थित'मधलं अर्धं गिळायची. मग गडचिरोलीच्या विज्ञान प्रदर्शनात ऐन वेळी दिव्याचा घसा बसला आणि परीक्षकांपुढे रिनाला ढकललं गेलं. पहिली दोन वाक्यं थरथरत गेली, तिसरं सरळ गेलं, आणि चौथ्यापासून जी गाडी सुटली ती मे महिना तापला तरी थांबायचं नाव घेत नव्हती.

प्रदर्शनात त्यांनी मांडला होता चौघीटोला. टोला म्हणजे आपल्याकडे छोटी वस्ती. हा टोला मात्र मोबाइलवरच्या ठोकळ्यांच्या गेममध्ये होता. वसतिगृहातल्या चार मैत्रिणींनी दोन वर्षं एकावर एक ठोकळा ठेवून तो उभारला होता. रिनाने घरं बांधली, चौकात बोधिवृक्ष लावला. कोरपन्याच्या रश्मीने रस्ते आखले. तिचे बाबा सिमेंट कारखान्यात, त्यामुळे तिला सगळं सरळ रेषेत लागायचं. धानोऱ्याच्या पलीकडच्या एकाच जंगलगावातल्या दिव्या आणि बुधरी. दिव्याने बांबूची बेटं आणि गोटूलाची, म्हणजे गावाच्या बैठकघराची, ओसरी केली. बुधरीने तलाव केला. एकटीने. पारीवर म्हणजे बांधावर झाडं, पारीखाली धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, आणि पाटाचं पाणी थेट शेवटच्या बांधीपर्यंत. परीक्षक त्या पाटाकडेच पाहत राहिले होते. बक्षीस मिळालं ते चौघींच्या नावाने.

आणि आता ज्या फुकटच्या वेबसाइटवर हा टोला राहत होता, तिची चिठ्ठी आली होती. एकतीस मे रोजी आमचं काम बंद, आपापलं जग उचलून न्या, त्यानंतर सगळं पुसलं जाईल.

"भाड्याच्या घरातून काढून राह्यले तर आपलं बांधू न!" रिनाने त्याच दिवशी जाहीर केलं. "सर्व्हर! आपला सोताचा! माह्या घरी!"

बक्षिसाचे पैसे होतेच. पण ते चौघींचे. म्हणून दिव्याने अट घातली, "आमच्या गावच्या सभेसारखं कराचं. हात वर करून मोजाचं नाई. सगळ्यांचं एक झालं तरच सामान घ्याचं. एक जरी अडली तरी पुन्हा बसाचं."

"पक्कं," रिना म्हणाली. तिला काय, बोलायला मिळणार होतं.

सव्वीस तारखेला दुपारी व्हिडिओ कॉलवर सभा बसली. दिव्या गडचिरोलीला मामाकडे क्लाससाठी थांबलेली, रश्मी कोरपन्यात, आणि बुधरी तिच्या गावामागच्या पहाडीवर एका दगडावर बसलेली. गावात नेटवर्क नाही, पहाडीवर दोन काड्या येतात. तिचा चौकोन कधी दिसायचा, कधी गोठायचा.

रिनाच्या मागे तिचा मावसभाऊ विक्की उभा. विक्की फायबरच्या केबल टाकायचा आणि त्यामुळे इंटरनेट आपणच शोधलं असं समजायचा.

"ग्राफिक्स कार्ड घ्या," तो मध्येच म्हणाला. "मोठं. तीन पंख्यांचं."

"कायले?" रिना वळली.

"गेमिंग मशीन हाय न, भैताड."

"दादा, हे मशीन गेम खेळत नाई. गेम सांभाळते. गावच्या कोतवालासारखं. कोन आलं, कोन गेलं, कोनाचं घर कुठी, कोनाची गाय कुठी, सगळं ध्यानात ठेवाचं. चित्र तर आपापल्या मोबाइलवर दिसन न! कोतवालाले रंगीत टीव्ही घेऊन देतेस का तू?"

चौकोनांमधून खिदळणं आलं. विक्कीने कान खाजवला. तेवढ्याने रिनाला अजून चार पंख फुटले. मग रॅम म्हणजे अंगण, जेवढं मोठं तेवढे लोक एकावेळी बसतील. एसएसडी म्हणजे कोठी, धान भरून ठेवायची. प्रोसेसर म्हणजे कोतवालाचं डोकं. आणि डोकं तर मोठंच पाहिजे, सगळ्यात मोठं, बारा कोरचं! आणि त्याला शोभेल अशी काचेची कॅबिनेट, आतून निळे-जांभळे लाईट लागणारी. ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचलेच आहेत, तर घ्यायला काय हरकत?

"माहं हो," रश्मी म्हणाली.

"मले चालते," दिव्या म्हणाली, आणि तिच्या मामाने हाक मारली म्हणून कॉलमधून गेली.

"बुधरी? तुहं?"

बुधरीचा चौकोन गोठला, सुटला. तिने तोंड उघडलं. रिना तोवर कॅबिनेट कोणत्या फळीवर ठेवायची हे सांगायला लागली होती. बुधरीने तोंड मिटलं. मग आणखी एकदा उघडलं, तेव्हा रिना म्हणत होती, "म्हणजे झालं न? काई बोलली नाई म्हणजे हो! चला, सभा संपली!"

अठ्ठावीस तारखेला बाबांची सुट्टी होती. राजदीप रामटेके एसटीत कंडक्टर. सुट्टीच्या दिवशीही बसमध्ये चढले की त्यांचा हात आपोआप तिकिटाच्या मशीनकडे जायचा आणि रिकाम्या कमरेवर आपटून परत यायचा. बापलेक चंद्रपूरला उतरली तेव्हा साडेअकराच वाजले होते, पण डांबर पायाला चिकटायला लागलं होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. होतं ते पाणपोईखाली झोपलेलं.

बिरजूभाऊचं कॉम्प्युटरचं दुकान बाजाराच्या गल्लीत. बिरजूभाऊ गल्ल्यावर गमछा ओला करून डोक्यावर घेऊन बसलेला.

"जय भीम, राजदीपभाऊ! पोट्टीले लॅपटॉप का?"

"मले काई विचारू नका," बाबा स्टुलावर टेकत म्हणाले. "मी फकस्त पिशव्या धराले आलो."

रिनाने यादी काढली. बिरजूभाऊने ती वाचली, उलटून मागे पाहिली, परत वाचली.

"बेटा, ग्राफिक्स कार्ड लिवाचं राह्यलं."

"राह्यलं नाई. नकोच हाय."

"गेमिंगची मशीन आन् बिना ग्राफिक्स कार्ड? म्हणजे बिना मटनाची पंगत झाली हे!"

"भाऊ, हे वाढणारं मशीन हाय," रिना म्हणाली. "पंगतीत वाढणारा जेवते का?"

बिरजूभाऊने गमछा डोक्यावरून काढला. दुकानात पंखा दुरुस्त करत बसलेला झाडू नावाचा मिस्त्री मोठ्याने हसला. बाबांनी छतात काहीतरी फार महत्त्वाचं दिसल्यासारखी मान वर केली, कारण त्यांना हसू लपवायचं होतं आणि अभिमानही.

मग सामान काउंटरवर यायला लागलं. बारा कोरचा प्रोसेसर, त्याला पेलणारा मदरबोर्ड, त्याला पुरेल असा भारी पॉवर सप्लाय, आणि शेवटी ती कॅबिनेट. बिरजूभाऊने वायर जोडून दाखवली. निळा, जांभळा, मोरपंखी. रिनाने काचेवरून बोट फिरवलं. काचेत तिचाच चेहरा मोरपंखी दिसत होता आणि तो तिला फार म्हणजे फार आवडला.

"बिल बनवू?"

"बनवा!"

तेवढ्यात फोन वाजला. दिव्या.

"घेऊन झालं का वं?"

"बिल बनून राह्यलं! दिव्या, तू कॅबिनेट पाह्यशील न तर..."

"बुधरी का म्हनली शेवटी? मी तर गेली होती कॉलमधून."

"काईच नाई म्हनली. म्हणजे हो."

दिव्याचा आवाज बदलला. "काईच नाई म्हनली म्हणजे हो कसं?"

"असं कसं म्हणजे? आमच्याकडे तर असंच असते. पंगतीत नाई म्हटलं नाई की अजून एक पोळी पडते ताटात."

"आमच्याकडे नाई पडत. रिना, आमच्या सभेत मानूस गप्प हाय म्हणजे सभा बाकी हाय. माहा बाबा म्हंते, एकदा लालसूआजा तीन बैठका गप्प बसला होता. तीनही बैठकांत मोहाच्या झाडांचा ठराव तसाच ठेवला. चौथ्या बैठकीत तो बोलला, तवा कळलं का ज्या झाडांचा लिलाव कराचा होता त्याच्यातले अर्धे झाडं दुसऱ्या गावचे होते. 'इंगो' म्हणावं लागते वं. तोंडानं. इंगो म्हणजे हो. ते नाई म्हटलं तर काईच झालं नाई."

रिनाच्या डोळ्यांपुढे तो गोठलेला चौकोन आला. दोनदा उघडलेलं तोंड. दोनदा मिटलेलं. डिसेंबरपूर्वी असंच तोंड ती रोज आरशात पाहायची, आणि वर्गात कुणी थांबलं नाही म्हणून किती वेळा घरी येऊन रडली होती ते तिलाच माहीत.

"बिरजूभाऊ," ती म्हणाली. "बिल थांबवा."

"काऊन?"

"सभा बाकी हाय."

बिरजूभाऊने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खांदे उडवले. "मी म्हटलं न, मी पिशव्या."

अडचण अशी की बुधरी लागणार कशी? तेंदूपानाचे दिवस. ती पहाटे चारला जंगलात जायची, दहापर्यंत पानं तोडून आणायची, मग घरची सगळी मिळून पुडे बांधायची. दोनला जरा मोकळी झाली की पहाडीवर. चार वाजता परत खाली, कारण पुडे घेऊन फडीवर जायचं, जिथे ठेकेदाराचा माणूस पानं मोजून घेतो. म्हणजे दोन ते चार. दिवसातून तेवढीच वेळ ती जगाला सापडायची.

घड्याळात साडेबारा झाले होते.

"बसतो आमी," रिना म्हणाली.

"बसा. दुकान काई माहं पळून नाई राह्यलं," बिरजूभाऊ म्हणाला आणि परत गमछा ओला केला. झाडू मिस्त्रीने पंखा सुरू केला. तो उलटा फिरला. बाबांनी डबा काढला. तिखट बरबटीची भाजी आणि भाकर चौघांनी खाल्ली. कॅबिनेट काउंटरवर चमकत होती. रिनाने तिच्याकडे पाठ करून खाल्लं.

दोन वाजून सात मिनिटांनी फोन लागला.

"बुधरी, मी रिना. त्या दिवशी तुले काईतरी म्हनाचं होतं. मीच बडबड करत राह्यली. आता मी तोंड बंद करते. तू बोल."

आणि रिनाने खरंच तोंड बंद केलं. सोपं नव्हतं. तिने स्पीकर लावून फोन काउंटरवर ठेवला, दोन्ही ओठ दातात धरले. वारा ऐकू आला. एक पाखरू ओरडलं. झाडू मिस्त्रीने पेचकस खाली ठेवला.

"मले एकच विचाराचं होतं," बुधरी हळू म्हणाली. "लाईट गेल्यावर आपला गाव कुठी जाते?"

"लाईट आल्यावर परत येते न," रिना म्हणाली आणि जीभ चावली.

"तुमच्याइथी लाईट कवा जाते?"

"उन्हाळ्यात रोजच जाते. दुपारी. दोन ते..." रिना थांबली.

"मी पहाडीवर कवा येते?"

बिरजूभाऊने कॅबिनेटच्या लाईटची वायर हळूच काढली.

"मले त्या मशीनचं काई समजत नाई," बुधरी पुढे म्हणाली. "मोठी असू द्या, लहान असू द्या. पन मी येईन तवा तलाव दिसला पाहिजे. नाई तर तो तिघींचा टोला झाला. मंग मी नाई म्हणत नाई, पन इंगो पन म्हणनार नाई."

रिनाने यादी उचलली. बारा कोर. भारी पॉवर सप्लाय. लाईटवाली काच. यातल्या प्रत्येक गोष्टीला वीज लागत होती, आणि वीज गेली की यातली एकही गोष्ट कामाची नव्हती. तिने सगळी यादी बरोबर विचार करून केली होती. फक्त सुरुवात चुकीच्या टोकाने केली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "उलटं करू. आधी दोन तास घ्या. मशीन मागून."

"मंजे?"

"मंजे आधी बॅटरी. दोन तास चालली पाहिजे, मशीन आन् राउटर दोन्ही. मंग त्या बॅटरीले झेपन असं मशीन दाखवा. सगळ्यात कमी खानारं."

बिरजूभाऊच्या डोळ्यांत पहिल्यांदाच दुकानदार सोडून दुसरंच कोणीतरी जागं झालं. तो उठला, मागच्या खोलीत गेला, खोके पाडल्याचे आवाज आले, आणि धुळीने माखलेला एक डबा घेऊन तो परतला. आत तळहाताहून थोडा मोठा बोर्ड, त्याच्यावरच बसवलेला छोटा प्रोसेसर.

"हे पाय. दवाखान्याच्या, बँकेच्या काउंटरवर बसवतो आमी. चार कोर. पंखा नाई. दोन बल्बाएवढी वीज खाते फकस्त. गेमसाठी आजवर कोनी मांगलं नाई मले."

"चार कोतवाल चार पोरींना पुरतीन?" बाबांनी पहिल्यांदा सभेत भाग घेतला.

"पुरतीन," रिना म्हणाली. तिने फोनवर शोधून पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मग रश्मी आणि दिव्यालाही कॉलमध्ये घेतलं. रॅम? कमी करायची नाही, अंगण मोठंच हवं. सोळा जीबीची एकच पट्टी. एसएसडी? चांगल्या कंपनीची, धान किड्यांना द्यायचं नाही. बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर? सगळ्यात आधी. एकेका वस्तूला रिना नाव घेऊन विचारत होती आणि उत्तर येईपर्यंत थांबत होती. रश्मीने बॅटरीवर तीन प्रश्न विचारले, त्यातला एक खरंच चांगला होता. त्यामुळे इन्व्हर्टर बदलला.

शेवटी पैसे संपले आणि कॅबिनेट उरली. साधी पत्र्याचीसुद्धा बसेना.

"उघडं ठेवलं तर?" रश्मी म्हणाली.

"पाली हायेत आमच्या घरी," रिना म्हणाली. "एक तर टीव्हीमागं तीन पिढ्यांपासून राहून राह्यली."

"कोंबड्या झाकाचं डालगं नाई का तुमच्याइथी?" बुधरीने विचारलं. "बांबूचं. हवा जाते, पाल नाई जात. वरून बारीक जाळी लावजा."

बिरजूभाऊ असा हसला की गमछा गल्ल्यात पडला. "तीस वर्सं झाले धंद्यात! कॉम्प्युटर डालग्यात? डाला बाई, डाला!"

"डालू," रिना म्हणाली. काचेच्या कॅबिनेटकडे तिने एकदा शेवटचं पाहिलं. वाईट वाटलं. अगदी खरं वाटलं, कारण ती कॅबिनेट फळीवर कशी दिसेल हे तिने दोन रात्री मनात पाहिलं होतं. "बुधरी, आता सांग. इंगो का हिल्ले? हो का नाई?"

पहाडीवर वारा वाहत राहिला.

"इंगो," बुधरी म्हणाली. आणि लगेच, "चार वाजत आले. पुडे न्याचे हायेत," म्हणून फोन कट.

पुढचे दोन दिवस रामटेक्यांच्या घरी जेवणाचं ताट ठेवायला जागा नव्हती. आईच्या पोळपाटावर मदरबोर्ड, खिडकीत स्क्रू, आणि दारात बेघर झालेल्या चार कोंबड्या.

"माह्या कोंबड्या कुठी जातीन?" आई विचारत राहिली.

"आई, एका गावासाठी चार कोंबड्यांनी त्याग करावा लागते."

"तू कर त्याग. तू झोप आंगनात."

विक्की आला, डालगं पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. पण राउटरमधून बाहेरच्यांना आत यायची वाट त्यानेच उघडून दिली, तेही काही न बोलता, आणि जाताना लग्नातली लाईटची माळ डालग्याला गुंडाळून गेला. रिनाने ती पाच मिनिटं लावून मनसोक्त पाहिली, मग सोडून ठेवली. बॅटरीवर पाहुणे नकोत.

एकतीस तारखेला सकाळी वेबसाइटवरून टोला उतरवायला घेतला. अर्ध्या भारताला त्याच दिवशी सामान हलवायचं होतं बहुतेक; बारा टक्के, बारा टक्के, बारा टक्के. रिनाने नखं खाल्ली. अकरा वाजता चाळीस टक्के. साडेबाराला पूर्ण. मग नव्या मशीनवर चढवला, सुरू केला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळी धावायला लागल्या. रश्मी आली. दिव्या आली. चौक होता, बोधिवृक्ष होता, रश्मीचे सरळ रस्ते सरळच होते.

दोन वाजता फटकन लाईट गेली.

पंखा मंदावत थांबला. फ्रिजने उसासा टाकला. शेजारच्या घरातून "गेली न वं बाई!" अशी रोजची आरोळी आली. घरात शेहेचाळीस डिग्रीची शांतता पसरली. फक्त डालग्याच्या आतून एक हिरवा ठिपका लुकलुकत होता, आणि राउटरचाही.

"त्या बॅटरीवर पंखा लाव न थोडा," आई पदराने वारा घेत म्हणाली.

"आई, नाई."

"मानसं उकडून मरतीन, पन गाव चालला पाहिजे!"

बाबांनी मदरबोर्डच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि आईला वारा घालायला लागले. तीन दिवसांत त्यांनी दुसऱ्यांदा सभेत भाग घेतला: "थांब. एक जन याची बाकी हाय."

दोन दहा. दोन वीस. रिनाच्या हनुवटीवरून घाम मोबाइलवर टपकत होता आणि ती तो पुसत होती, कारण ओल्या काचेवर बोट चालत नव्हतं. दोन पंचवीसला 'बुधरी आली' असं दिसलं, आणि लगेच 'बुधरी गेली'.

"तिचं नेटवर्क गेलं," दिव्याने लिहिलं. "मशीन नाई. थांब."

अडीच. 'बुधरी आली.'

ती चौकात उगवली. राम राम नाही, काही नाही. तडक तलावाकडे चालायला लागली. तिघी तिच्या मागे. ती पारीवर चढली, इकडून तिकडे पाहिलं, पाटाच्या तोंडाशी वाकली. पाणी शेवटच्या बांधीपर्यंत जात होतं. मग ती वळली आणि पडद्यावर तिचे शब्द उमटले:

"पारीवर गाई कोनाच्या वं? माही पार तुडवून राह्यल्या!"

रिनाच्याच होत्या. सकाळी चाचणी म्हणून सोडल्या होत्या अकरा गाई, आणि बांधायच्या राहून गेल्या होत्या.

"आली! आली! हाकलते!" ती खऱ्या तोंडाने ओरडली, इतक्या जोरात की दारातल्या कोंबड्या उडाल्या, आणि भर दुपारी, घामाने निथळत, पोंभुर्ण्याच्या त्या बिनपंख्याच्या खोलीत रिना रामटेके गाईंमागे धावायला लागली.